आठ वेळा तोच ऑगस्ट

नाशिक रोडच्या एका शाळेत मी चित्रकला शिकवते. शासकीय रेखाकला परीक्षा जवळ आली की कितीतरी दिवस वर्गात एकच मांडणी असते : पितळी तांब्या, दोन वांगी, मागे सोडलेला रुमाल. दर वर्षी नवी मुलं येतात, वस्तू मात्र त्याच राहतात. कंटाळा न येता हे काम मी इतकी वर्षं करू शकले, ते माझ्या एकटीच्या बळावर नाही. त्यात माझ्या बाबांचा वाटा आहे. आणि जपानमधल्या क्योटो अ‍ॅनिमेशन या स्टुडिओतल्या चित्रकारांचाही आहे. त्यांची माझी कधी भेट झाली नाही. त्यांच्या एका मालिकेच्या दुसऱ्या पर्वाने 2009 साली माझी घोर निराशा केली होती. ती निराशा खरी होती आणि आजही मी ती मागे घेत नाही. पण तिच्यामुळे मला जे मिळालं, ते कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

बारावी सायन्सला मी फिजिक्समध्ये राहिले. घरात कुणी रागावलं नाही, आणि त्याचंच जास्त दडपण यायचं. आम्ही नोटा छापणाऱ्या प्रेसच्या वसाहतीत, नेहरूनगरला राहायचो. बरोबरीच्या मुली कॉलेजला निघाल्या की मी खिडकीतून बाजूला व्हायची. त्या दिवसांत पुण्याला शिकणारा माझा आतेभाऊ सुट्टीत घरी आला आणि येताना काही सीडी घेऊन आला. त्यांत ‘द मेलन्कली ऑफ हारुही सुझुमिया’ होती. तानिगावा नागारु यांच्या कादंबऱ्यांवरून इशिहारा तात्सुया यांनी दिग्दर्शित केलेली क्योटो अ‍ॅनिमेशनची ही मालिका 2006 मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर आली. तिचे भाग चौदा.

गोष्ट एका शाळेतल्या पाच मुलामुलींची. हारुही नावाची हट्टी, चैतन्याने उसळणारी मुलगी एक मंडळ काढते आणि बाकीच्या चौघांना त्यात ओढते. तिला साधी माणसं नकोत. परग्रहावरची, भविष्यातून आलेली, अतींद्रिय शक्तीची माणसं हवीत. ती तिच्याभोवतीच असतात, फक्त तिला ते कळत नाही. सगळी कथा क्योन हा साधा मुलगा सांगतो. पण माझा जीव जडला तो नागातो यूकीवर. वाचनमंडळाच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती पुस्तक वाचते. बोलते अगदी कमी. माणसाच्या रूपात आलेली ती एक परग्रहीय यंत्रणा आहे. चेहऱ्यावर जवळजवळ काही उमटत नाही. तरी तिने मान दोन अंशांनी वळवली की तिला काय वाटलं ते कळतं. हे कसं साधलंय, ते पाहण्यासाठी मी दृश्य थांबवून बघायला लागले आणि मग वहीत उतरवून काढायला लागले. मला चित्र काढता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या वर्षी कुणाशी न बोलता एका खोलीत बसून राहणाऱ्या मुलीला, तशाच बसून राहणाऱ्या दुसऱ्या मुलीने हातात पेन्सिल दिली. यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

पहिल्या प्रक्षेपणात हे चौदा भाग काळाच्या क्रमाने दाखवलेच नव्हते. पुढचा भाग आधी, मागचा नंतर. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ यापेक्षा ‘ही माणसं अशी का आहेत’ याकडे लक्ष जायचं. माझ्यासारख्या कच्च्या प्रेक्षकालाही कथानक आणि पात्र यांत फरक असतो एवढं त्यातून उमगलं. फिजिक्स सुटल्यावर मी ए.टी.डी.ला, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला, जायचं ठरवलं. घरच्यांना ते पटवून देताना माझ्याकडे दाखवायला नागातोच्या चित्रांनी भरलेल्या वह्याच होत्या.

तीन वर्षांनी, 2009 मध्ये, जुने भाग पुन्हा लागले आणि त्यांच्यामध्ये नवे चौदा भाग गुंफले गेले. आमच्याकडे तेव्हा बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं. पहाटे दोन ते सकाळी आठ या वेळेतलं डाउनलोड मोफत. मी गजर लावून दोनला उठायची, भाग लावून ठेवायची आणि पुन्हा झोपायची. त्या वर्षी जूनभर पावसाने ओढ दिली होती. पहाटेसुद्धा उकडायचं.

जूनमध्ये ‘एन्डलेस एट’ नावाचा भाग आला. उन्हाळी सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे, 17 ते 31 ऑगस्ट. पोहायला जाणं, जत्रेत नाचणं, फटाके, सिकाडा पकडणं, बेडकाचा पोशाख घालून फुगे वाटण्याची रोजंदारी, गच्चीवरून तारे बघणं. शेवटी कॅफेत सगळे बसलेले असताना हारुही उठून जाते. क्योनला वाटतं, काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द सुचत नाहीत. सुट्टी संपते.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. एवढं कळतं, की हारुहीच्या मनात काहीतरी राहून गेल्यामुळे हे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडताहेत आणि दर वेळी सगळ्यांची आठवण पुसली जाते. फक्त नागातोची पुसली जात नाही. तिला प्रत्येक फेरी आठवते. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच, चौथ्यातही तेच. संवाद जवळपास शब्दशः सारखे. असे आठ आठवडे, आठ भाग. आठव्यात क्योन हारुहीला थांबवतो. आपला गृहपाठ राहिलाय, सगळे मिळून माझ्या घरी बसून करू, म्हणतो. आणि सप्टेंबर उजाडतो.

मूळ पुस्तकात ही एक छोटी कथा आहे. फेऱ्यांची संख्या तिथे एका वाक्यात सांगून टाकलीय. स्टुडिओने त्या एका कथेवर नव्या चौदा भागांपैकी आठ खर्च केले. तीन वर्षं वाट पाहिलेल्या लोकांचा संताप जपानमध्येही झाला आणि बाहेरही. पहिल्या पर्वात महत्त्वाचं काम केलेले आणि तोवर स्टुडिओ सोडून गेलेले यामामोतो युताका यांनी त्या वर्षी अमेरिकेतल्या एका संमेलनात प्रेक्षकांची माफी मागितली. स्वतः त्या भागांत नसतानाही त्यांना ती मागावीशी वाटली.

मला काय वाटलं, ते आज सांगताना सौम्य करावंसं वाटत नाही. ज्या मालिकेने मला पात्राकडे बघायला शिकवलं, तिनेच पात्रांना दोन महिने जागचं हलू दिलं नव्हतं. माझी ए.टी.डी. नुकतीच सुरू झाली होती. घरच्यांसमोर ज्या चित्रांचा दाखला देऊन मी तिथवर गेले होते, त्यांच्यावरचा विश्वासच डळमळला. पाचव्या आठवड्यापासून मी नागातोची वही उघडली नाही. भाग मात्र उतरवत राहिले. या वेळी तरी काहीतरी घडेल, अशी आशा सुटत नव्हती.

बाबा करन्सी नोट प्रेसमध्ये होते. 1928 पासून जेल रोडला नोटा छापणारी ही प्रेस. आमच्या वसाहतीत दर दुसऱ्या घरात कुणीतरी तिथे किंवा शेजारच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला असायचं. बाबांचं काम तपासणीचं. छापून आलेले मोठे कागद बघायचे. शाई पसरलीय का, रंग सरकलाय का, रेघ तुटलीय का. पाळी संपेपर्यंत तेच. आतल्या कामाविषयी घरी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो त्यांनी निवृत्त होईपर्यंत पाळला. त्यांच्या कामाविषयी मला जे थोडंफार माहीत आहे, ते बाहेर सगळ्यांना माहीत असतं तेवढंच. 2006 पासून काही नोटांच्या क्रमांकात चांदणी दिसायला लागली. सदोष निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती नोट. तेव्हा वाण्याकडे सुटे पैसे घेताना मी चांदणी शोधायची.

पहिल्या पाळीला जाण्याआधी बाबा चहा घेऊन हॉलमध्ये बसायचे आणि संगणक तिथेच होता. भाषा त्यांना कळत नव्हती, अक्षरं वाचायचा प्रश्नच नव्हता. बघायचं म्हणून बघायचे. सहाव्या किंवा सातव्या भागाला असेल, मी चिडून म्हणाले, “बाबा, बंद करू का? गेल्या आठवड्याचंच आहे.”

ते म्हणाले, “गेल्या आठवड्याचं नाही हे.”

“सगळं तेच आहे हो. शब्दसुद्धा.”

“शब्दांचं मला काय कळणार? पण त्या गप्प पोरीने जत्रेतून घेतलेला मुखवटा मागच्या वेळी निराळा होता. कपडेही निराळे होते. हे पुन्हा काढलंय सगळं.”

मी मागचा भाग लावून बघितला. मुखवटा वेगळा होता. पोहण्याच्या तलावाकाठचे कपडे वेगळे होते. कॅफेतल्या शेवटच्या दृश्यात आपण दुसऱ्याच जागेवरून बघत होतो. आवाजसुद्धा नव्याने घेतलेले होते. तेच वाक्य, पण श्वास घेण्याची जागा बदललेली.

बाबा कप खाली ठेवत म्हणाले, “जुनंच लावता आलं असतं की.”

“आलं असतं.”

“मग ही कामचुकार माणसं नाहीत. गोष्ट चुकली असेल त्यांची, ते तू बघ. काम चुकलेलं नाही.” आणि ते पाळीला गेले.

त्या वाक्याचं नेमकं काय करायचं, मला कळलं नाही. निराशा त्याने कमी झाली नाही. पण त्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातली कॉलेजं बंद झाली, आतेभाऊ नाशिकला आला आणि आम्ही दोघं आठही भाग शेजारी शेजारी लावून बघत बसलो. एकच प्रसंग आठ जणांनी कसा पाहिला असेल, याचं ते खुलं पुस्तकच होतं. संहिता एक, पण कुणी क्योनच्या हातांकडे बघितलंय, कुणी रिकाम्या होणाऱ्या खुर्चीकडे. कुणी उन्हाला इतकं पांढरं केलंय की माणसं पुसट व्हावीत. आपल्याकडे नाटकाच्या बाबतीत हे कुणालाच नवं नाही. कालिदास कलामंदिरात तेच नाटक दुसऱ्यांदा बघताना दुसरा प्रयोग बघतोय हे आपण धरूनच चालतो. पडद्यावरच्या गोष्टीकडून मात्र आपण ती अपेक्षा करत नाही.

त्याच सुमारास कॉलेजमध्ये वस्तुचित्राच्या तासाला सर रोज एकच मडकं ठेवत होते. मी भरभर काढून मोकळी व्हायची. मडक्यात बघायचं काय असतं, अशी माझी समजूत होती. ते आठ भाग बघून झाल्यावर मी त्या मडक्यासमोर जरा जास्त वेळ बसायला लागले. सकाळी अकराचा उजेड आणि दुपारी तीनचा उजेड एकाच मडक्याची दोन मडकी करतो, हे मला तेव्हा दिसलं. सरांनी ते आधी सांगितलंही असेल. ते कानावर पडलं होतं, डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. बाबांना एकदा विचारलं, एवढ्या सारख्या कागदांत चूक दिसते कशी? नियम न मोडता त्यांनी एवढंच सांगितलं : “चूक शोधत बसलं की डोळा थकतो. बरोबर काय ते डोळ्यांत मुरू द्यायचं. मग चूक स्वतःहून थांबवते.” मी मुलांना आज हेच सांगते आणि ते कुणाचं आहे हेही सांगते.

फेब्रुवारी 2010 मध्ये जपानात ‘द डिसअपिअरन्स ऑफ हारुही सुझुमिया’ हा चित्रपट आला. लांबी पावणेतीन तासांच्या आसपास. इशिहारा मुख्य दिग्दर्शक आणि ताकेमोतो यासुहिरो दिग्दर्शक. आम्हाला तो वर्षअखेरीनंतर बघायला मिळाला. डिसेंबरातल्या एका सकाळी क्योन शाळेत येतो तर जग बदललेलं असतं. हारुही त्या शाळेतच नसते, तिचं मंडळ कधी होतं हेही कुणाला ठाऊक नसतं. आणि वाचनमंडळाच्या खोलीत नागातो असते, पण साधी, लाजरी, माणसासारखी. हे जग बदललं कुणी, याचं उत्तर मिळतं तेव्हा कळतं, की ते तिनेच बदललंय. जिच्या चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, ती थकली होती.

चित्रपटात कुणी तो ऑगस्ट मध्ये आणून स्पष्टीकरण देत नाही. गरजच पडत नाही. आठव्या भागात फेऱ्यांचा आकडा 15,532 सांगितला जातो. दोन आठवड्यांच्या हिशेबाने ती जवळपास सहाशे वर्षं होतात. ती सगळी एकटीने आठवत, कुणाला न सांगता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून तिने काढली. पुस्तकातल्या एका वाक्याने असा आकडा कळतो. आठ आठवडे ज्यांनी वैताग सोसला, त्यांना तो अंगावर आलेला असतो. तिच्या सहाशे वर्षांतले माझ्या वाट्याला दोन महिने आले होते आणि तेवढ्यातच मी वही मिटून ठेवली होती. चित्रपट संपल्यावर मी बराच वेळ बोलू शकले नाही. पात्राला समजून घेणं म्हणजे त्याच्याबरोबर थोडं तरी सोसणं, हे माझ्या बाबतीत तरी त्या दिवशी झालं. मी पुन्हा नागातो काढायला घेतली. आधीच्या वह्यांत ती सुंदर होती. आता पहिल्यांदा तिचे खांदे मला नीट जमले.

म्हणून त्या आठ भागांना मी थोर ठरवत नाही. इथे अनेक चाहत्यांशी माझं जमत नाही. चित्रपट चांगला निघाला म्हणून मालिकेची चूक पुण्यवान होत नाही. दर आठवड्याला प्रेक्षकाकडून अर्धा तास मागायचा तर त्याला काहीतरी द्यावं लागतं, आणि चौथ्या-पाचव्या भागानंतर दिग्दर्शकांनी जे दिलं ते चित्रकाराला पुरेसं होतं, प्रेक्षकाला नव्हतं. चार भागांत तोच भार पोचला असता असं मला आजही वाटतं. ऋण मानायचं म्हणजे डोळे मिटायचे, असं मला कुणी शिकवलेलं नाही. बाबांनी तर मुळीच नाही.

शिक्षिका झाल्यावर हळूहळू मी त्या स्टुडिओविषयी वाचत गेले. हात्ता योको यांनी 1981 मध्ये आसपासच्या गृहिणींना सोबत घेऊन, दुसऱ्या स्टुडिओंचे सेल रंगवून देण्यापासून ते काम सुरू केलं. जपानमध्ये पुष्कळ चित्रकार चित्रामागे मिळणाऱ्या मोबदल्यावर काम करतात. इथे माणसं पगारावर असत आणि एकमेकांच्या हाताखाली शिकत. तेच दृश्य आठ वेळा नव्याने काढण्याचा हट्ट अशाच घरात धरता येतो, असं मला वाटतं. नोकरीची शाश्वती असलेला माणूस एका रेघेवर किती वेळ थांबू शकतो, हे मी प्रेसच्या वसाहतीत लहानपणापासून पाहत आले आहे.

18 जुलै 2019 रोजी सकाळी एका माणसाने क्योटोच्या फुशिमी भागातल्या त्यांच्या पहिल्या स्टुडिओत पेट्रोल ओतून आग लावली. 36 जण गेले. मी मधल्या सुट्टीत मोबाइलवर बातमी वाचली आणि पुढच्या तासाला सातवीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. त्या दिवशी काय शिकवलं, आठवत नाही. मृतांची नावं पुढे आठवड्यांनी जाहीर झाली. त्यांत ताकेमोतो यासुहिरो होते, वय 47. ‘डिसअपिअरन्स’ आणि पुढे ‘ह्योका’ करणारे. किगामी योशिजी होते, ज्यांच्याकडून त्या स्टुडिओतल्या कितीतरी जणांनी चित्र हलवायला शिकून घेतलं. आणखी कितीजण असे असतील की ज्यांनी त्या ऑगस्टमधला एखादा मुखवटा, एखादी बाही, तलावाच्या पाण्यावरचा एखादा तरंग नव्याने काढला असेल. मी ज्यावर वैतागले होते ते त्यांच्या हातचं काम होतं. संध्याकाळी घरी गेले. बाबांनी टीव्हीवर बातमी बघितली होती. त्यांनी विचारलं, “तीच माणसं का?” मी हो म्हणाले. ते म्हणाले, “फार नेटाने काम करायची.” त्यांना त्या स्टुडिओचं नावही धड घेता येत नाही.

त्या वर्षीपासून मुलांची सहल निघाली की मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात थोडा वेळ मागून घेते. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे, शेवटची वर्षं नाशिकलाच राहिले आणि 1944 मध्ये इथेच गेले, एवढं मुलांना ठाऊक असतं. ‘राजा हरिश्चंद्र’ही ठाऊक असतो. मी त्यांना ‘अंकुराची वाढ’ सांगते. भांडवल उभं करण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर ठेवला आणि तीच कुंडी, तीच चौकट थोड्या थोड्या अंतराने टिपत राहिले, तेव्हा कुठे पडद्यावर अंकुर वर आला. 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’साठी काड्या एकेक करून सरकवल्या. मुलं परत आल्यावर वहीच्या कोपऱ्यांत अंकुर काढतात, पानं फडफडवतात आणि तो हलला की ओरडतात. एखादा कंटाळून मधली दहा पानं सारखीच छापल्यासारखी काढतो आणि मग त्याचा अंकुर मध्येच ठप्प होतो. मी त्याला रागावत नाही. त्या दहा पानांत काय व्हायला हवं होतं, ते दोघं मिळून शोधतो.

आता वर्गातल्या मुलांना हे सगळं मोबाइलवर सहज मिळतं. मोठ्या मुली विचारतात, मॅम, एन्डलेस एट सगळे बघू का, की पहिला, दुसरा आणि आठवा पुरेत? मी सांगते, सगळे बघा. चौथ्याला राग आला तर तो मला येऊन सांगा, दाबून ठेवू नका, आणि नंतर चित्रपट बघा. बाबांचं मत वेगळं आहे. त्यांच्या मते आठच बरोबर होते, आठ जणांनी काढलं तर आठ दाखवायला हवेत. निवृत्तीनंतर त्यांनी ते पुन्हा एकदा बघितले, या वेळी मी शेजारी बसून मराठीत अर्थ सांगत. गोष्ट कळल्यावरही त्यांचं मत बदललं नाही, आणि चारच भाग पुरे होते हे माझंही मत बदललेलं नाही.